ते होकायंत्र स्पिटफायरचं नाही

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांमध्ये सध्या एक फोटो फिरतोय. उभी मूठ, तिच्यावर गोल डबी, वाचायला प्रिझम आणि मुकुटाखाली ‘एएम’ ही अक्षरं. सोबतचा मजकूर असा: ‘स्पिटफायरच्या वैमानिकाच्या हातातलं होकायंत्र. एएमचा शिक्का म्हणजे महायुद्धात उडाल्याचा पुरावा. आता चमकत नाही, म्हणजे रेडियम संपलं, बिनधास्त हाताळा. आत बुडबुडा असेल तर नकली समजा.’ चार दावे आहेत आणि चारही चुकीचे आहेत.

सर्वांत जास्त खटकतो तो पहिला. स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश, एकाच माणसाचं लढाऊ विमान. एक हात दांड्यावर, दुसरा थ्रॉटलवर. तिसरा हात आणायचा कुठून? त्याचं होकायंत्र, बहुधा ‘पी-८’ जातीचं, समोरच्या उपकरणफळीखाली पक्कं बसवलेलं असे. मुठीचं होकायंत्र होतं निरीक्षकाचं, म्हणजे पुढे ज्याला नॅव्हिगेटर म्हणू लागले त्याचं. ब्रिटिश हवाई दलाच्या मोठ्या विमानांत तो खिडकीशी उभा राहून एखाद्या दीपगृहावर किंवा भूशिरावर नेम धरी, तबकडीवरचे अंश वाची, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक हिशेबात घेई आणि नकाशावर रेघ ओढी. दुसऱ्या खुणेची दुसरी रेघ जिथे पहिलीला छेदेल, तिथे विमान. त्यातही विमानाचं लोखंड आणि विजेच्या तारा चुंबकाला ओढत, म्हणून कुठे उभं राहून वाचायचं यालाही महत्त्व. इतक्या जबाबदारीच्या माणसाची वस्तू केवळ नाव मोठं म्हणून दुसऱ्याच्या हातात देणं मला अन्यायाचं वाटतं.

शिक्क्याचं सांगायचं तर ‘एएम’ म्हणजे एअर मिनिस्ट्री, ब्रिटिश सरकारचं हवाई खातं. हे खातं १९१८ ते १९६४ पर्यंत होतं. शिक्का मालकी सांगतो. वस्तू युद्धात उडाली की कोठारातच पडून राहिली, हे सांगत नाही. युद्धानंतर शिल्लक माल विकला गेला, तेव्हा अशी कितीतरी होकायंत्रं शिडाच्या होड्यांवर गेली.

रेडियमच्या बाबतीत मात्र खरोखर सावध राहा. रेडियम-२२६ निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या रंगाची चमक जाते ती त्यातलं झिंक सल्फाइड किरणांच्या माऱ्याने निकामी होतं म्हणून. रेडियम तिथेच असतं. त्यामुळे अशा रंगाची वस्तू उघडू नका, खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. रंगाची धूळ श्वासातून आत जाणं हा खरा धोका.

बुडबुडा म्हणजे सील झिजून आतला द्रव थोडा कमी झालाय, इतकंच. त्यावरून नकली ठरत नाही. घरी दिसेल तो द्रव भरू नका, आतला रंग सुटू शकतो.

आणखी एक, ज्यावरून आपल्याकडे चांगली वस्तू नाकारली जाईल: तबकडी किंचित तिरपी दिसली तर लगेच मोडकी म्हणू नका. इंग्लंडात चुंबकीय बल क्षितिजाखाली ६५ अंशांहून जास्त झुकतं, मुंबईकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिकडच्या झुकावासाठी तोललेली तबकडी इथे थोडी कलू शकते. पारख करायची तर होकायंत्र मोबाइल आणि लोखंडी कपाटापासून दूर न्या, लहानशा चुंबकाने तबकडी हलवा, चुंबक बाजूला घ्या आणि ती दर वेळी त्याच अंशावर परत येते का ते बघा.