निखतच्या नावाने फिरणारा फॉरवर्ड

बॉक्सर निखत झरीनच्या फोटोसह एक मेसेज परवापासून आमच्या ग्रुपवर फिरतोय: ‘ऑलिंपिक सुवर्णविजेत्या निखतचा हिजाबला विरोध.’ दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

आधी पदकाचं. ती दोनदा विश्वविजेती आहे: 2022 मध्ये इस्तंबूलला 52 किलो गटात, 2023 मध्ये दिल्लीत 50 किलो गटात. ऑलिंपिक पदक मात्र तिच्याकडे नाही. 2024 ला पॅरिसमध्ये चीनच्या वू यूने तिला हरवलं, आणि पुढे सुवर्णही वू यूनेच नेलं.

आता हिजाब. इस्तंबूलच्या विजयानंतर तिला हा प्रश्न विचारला गेला होता. तिचं उत्तर साधारण असं: ज्याची त्याची निवड, कुणाला हिजाब घालून धर्म पाळायचा असेल तर तो त्यांचा प्रश्न, माझे कपडे मी ठरवते, घरच्यांची हरकत नाही. यात विरोध कुठे दिसला, देव जाणे! तेव्हाच ती असंही म्हणाली होती की, मी एखाद्या समाजाची नव्हे, देशाची खेळाडू आहे.

लोकांच्या बोलण्याची सवय तिला तिच्या गावापासूनच, तेलंगणातल्या निजामाबादपासूनच आहे. सरावात मुलांशी खेळून काळानिळा डोळा घेऊन ती घरी आली, तेव्हा आईला रडू फुटलं, हिच्याशी लग्न कोण करणार! पोरीचं म्हणणं, नाव झालं की नवरदेवांची रांग लागेल.

मेसेज पाठवणाऱ्या काकांना हे कळवलंय. त्यांनी होकाराचा अंगठा पाठवला, पण मेसेज अजून काढलेला नाही.