धुरा पेटवल्यानं बोंडअळी मरत नाही

गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची झाडंझुडपं, काट्यांची कुपाटी सगळी पेटवून द्या. बोंडअळी तिथंच दडते, साप-डुकरं तिथंच राहतात, सावलीनं पीक बुडतं, वरून राखेचं खत फुकट मिळतं. आमच्या काकाजींनी तो वाचला आणि लगेच फोन केला, "मोबाईलवर आलं ना बाप्पा, सारेच पेटवून राह्यले, आपुनही टाकू पेटवून." त्या धुऱ्यावर त्यांच्या बापानं राखलेलं मोहाचं झाड आहे. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी बोंडअळी, कारण सगळी भीती तिच्याच नावानं घातलीय. गुलाबी बोंडअळी जगते कपाशीवर. फार तर भेंडी-अंबाडीसारख्या कपाशीच्या भाऊबंदांवर. बोर, हिवर, पळस, निंब यांच्याशी तिला काही देणंघेणं नाही. मग कपाशी निघाल्यावर ती राहते कुठं? पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडावर उरलेली एखादी कवडी, न उमललेलं वाळकं बोंड, फोडून पाहा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतील. त्या सोडवल्या की आत अळी सुस्त पडलेली दिसते. आणि ही पऱ्हाटी आपण सरपण म्हणून धुऱ्यावर, नाहीतर घरामागं रचून ठेवतो. दोष त्या ढिगाचा आहे, बोराटीचा नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हेच सांगत आलीय: डिसेंबर-जानेवारीत पीक संपवा, फरदड (त्याच झाडांवर पाणी देऊन लांबवलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटीची विल्हेवाट लावा. 2017 मध्ये या अळीनं विदर्भातली कपाशी मोठ्या प्रमाणावर खाल्ली, त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. एवढं भोगूनही अळीचं घर चुकीचं दाखवणारा मेसेज आपण पुढं ढकलतो, याचा संताप येतो.

एक गोष्ट मान्य करतो. धुऱ्यावर गाजर गवत आणि पेठारी ही तणं माजली, तर पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड तिथून कपाशीवर येते. पण त्याला आगपेटी कशाला? गाजर गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा. झाडावर बसून अळ्या-किडे टिपणारा कोतवाल आणि वेडा राघू मात्र बिनझाडांच्या धुऱ्यावर बसणार कुठं?

सावलीचं म्हणाल, तर मोठ्या बाभळीखाली पिकाच्या दोन-चार ओळी मार खातात, खरं आहे. फांद्या छाटा. साप धुऱ्यावर येतो उंदरांमागं, आणि उंदीर तुमच्या पिकामागं. डुकरं नाल्यातल्या बेशरमीच्या झुडपांतून येतात. काट्याची कुपाटी जाळली तर त्यांना वाट आणखी मोकळी.

राखेचं खत म्हणे! जाळल्यावर पाल्यातलं नत्र हवेत जातं. उरलेली थोडी राख उन्हाळी वावधनात उडते. आपल्या काळ्या मातीत आधीच चुनखडी, तिला राखेची गरज नाही.

आणि आग तुमच्या धुऱ्यावर थांबेल, ही हमी मेसेज लिहिणारा देणार आहे का? एप्रिलच्या वाऱ्यात ती शेजाऱ्याच्या कुटाराच्या (भुशाच्या) ढिगापर्यंत जाते, संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या वितळवते. भरपाई तुमच्याच खिशातून जाईल. काकाजी, मोह तर महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहे. स्वतःच्या शेतातलाही तो विनापरवानगी तोडता येत नाही. जाळायचं असेल तर तो मेसेज डिलीट करा, आणि पऱ्हाटी श्रेडरमधून, म्हणजे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून काढून वावरातच गाडा.