शंभरावी ओळ आधी सांगून दाखवा

आज सकाळपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. 'विज्ञानाने सिद्ध केलं, विश्व हा एक प्रोग्राम आहे.' पुढे म्हणे, प्रोग्राम आहे म्हणजे तुमचं नशीब आधीच लिहिलेलं आहे, ते वाचायची विद्या आमच्याकडे आहे, नाव नोंदवा आणि फी भरा. खाली हात जोडलेल्यांची रांग. सगळी शिकलीसवरलेली माणसं.

संताप यासाठी आला की मूळ कल्पना, म्हणजे एखाद्या साध्या नियमातून सगळं विश्व उलगडत असेल ही, फार सुंदर आहे आणि ती भविष्य विकायला वापरली जातेय. तीही बरोबर उलटी करून.

खालच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी काल चौकटीची वही घेऊन आली होती. तिला एक नियम सांगितला होता. आज तिने काढून आणलेलं पान हे त्या व्हिडिओला पुरेसं उत्तर आहे, म्हणून आधी ते पान.

वही आडवी धरायची. वरच्या ओळीत बरोबर मध्यावर एक घर शिसपेन्सिलीने काळं करायचं, बाकी सगळी पांढरी. खालच्या ओळीतलं प्रत्येक घर भरताना वरच्या ओळीतली तीन घरं बघायची: डोक्यावरचं, त्याच्या डावीकडचं आणि उजवीकडचं. डावं काळं आणि उरलेली दोन्ही पांढरी असली तर नवं घर काळं. डावं पांढरं आणि उरलेल्या दोनांपैकी एक जरी काळं असलं, तरी काळं. नाहीतर पांढरं. एवढाच नियम.

दुसरी ओळ येते तीन काळी. तिसरी: दोन काळी, दोन पांढरी, एक काळं. चौथी: दोन काळी, एक पांढरं, चार काळी. पाचवी: दोन काळी, दोन पांढरी, एक काळं, तीन पांढरी, एक काळं. वीस ओळींसाठी ३९ घरांची रुंदी लागते. पान त्याहून अरुंद असलं तर कडेबाहेरची घरं पांढरी समजून पुढे जाऊ नका, तिथून चूक आत शिरते. कागद जोडा.

तीन घरांच्या आठ जुळण्या होतात. त्यांची उत्तरं ठरलेल्या क्रमाने शून्य आणि एकमध्ये लिहिली की ०००११११० येतं, म्हणजे द्विमान पद्धतीत ३०. म्हणून हा 'रूल ३०'. संगणकशास्त्रज्ञ स्टीफन वुल्फ्रामने १९८० च्या दशकात याचा कसून अभ्यास केला. डाव्या बाजूला तिरपे नेटके पट्टे दिसतात, पण मध्यावर आणि उजवीकडे कसलीच शिस्त दिसत नाही. मधली उभी रांग वरून खाली वाचली तर काळं, काळं, पांढरं, काळं, काळं, काळं, पांढरं, पांढरं अशी जाते, आणि नाणं उडवल्यासारखी पुढे जातच राहते. मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये यादृच्छिक आकडे काढायला ही रांग वर्षानुवर्षं वापरली गेली. २०१९ मध्ये वुल्फ्रामने या एका रांगेबद्दलच्या तीन प्रश्नांना प्रत्येकी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. त्यातला पहिला प्रश्न, ही रांग कधीतरी स्वतःची पुनरावृत्ती करायला लागते का? सातवीतल्या मुलीच्या वहीतल्या नियमाबद्दल हा प्रश्न आहे, हे लक्षात घ्या.

आता तिची चूक, कारण खरी गंमत त्या चुकीत आहे.

पाचव्या ओळीतलं डावीकडून तिसरं घर तिने काळं केलं, ते पांढरं हवं होतं. ही चूक बहुतेक सगळ्यांची होते. 'पांढरं-काळं-काळं' याचं उत्तर काळं आहे, म्हणून उलटं 'काळं-काळं-पांढरं' आलं की हात आपोआप काळंच करतो. पण हा नियम आरशातल्यासारखा नाही, त्याला डावं-उजवं कळतं. एका घराच्या चुकीने सहाव्या ओळीत दोन घरं बिघडली, सातवीत चार, आठवीत तीन. बिघाडाची उजवी कड दर ओळीला बरोबर एक घर सरकते, चुकवायची म्हटलं तरी चुकत नाही, कारण डावं घर बदललं की नवं घर बदलतंच. सातव्या ओळीत चूक थेट मधल्या रांगेत पोचली. तिथून पुढची सगळी रांग संशयास्पद.

'पृथ्वीच्या कोडमध्ये थोडासा बदल करून भाग्य सुधारा' असं व्हिडिओतला माणूस हसत हसत सांगतो. एका घराचं तीन ओळींत काय झालं ते या पानावर बघा आणि मग सुधारा.

पान दाखवून तिने विचारलं, "काका, शंभरावी ओळ थेट कशी काढायची? मधल्या गाळून?"

हा प्रश्न व्हिडिओखाली हात जोडणाऱ्यांपैकी एकाला तरी पडायला हवा होता. शंभर ओळींपर्यंतची घरं होतात १०,०००. फक्त शंभराव्या ओळीचं मधलं घर हवं असेल तर ५,००० घरं भरली तरी भागतं, बाकीच्यांचा परिणाम तिथवर पोचत नाही. एका घराला तीन सेकंद धरले तर पूर्ण कामाला आठ तासांच्या वर लागतात. नियम पाठ आहे, सुरुवात माहीत आहे, तरी ओळीमागून ओळ भरावीच लागते. जवळची वाट नाहीच, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, कबूल. पण कुणाला सापडलेलीही नाही. आणि रूल ११० नावाचा याचाच भाऊ आहे, त्याच्यावर कोणतीही गणना चालवता येते हे मॅथ्यू कुकने सिद्ध केलं, शोधनिबंध २००४ मध्ये छापला गेला. त्यामुळे तिथे 'शेवटी काय होईल' या प्रश्नाला सरसकट लागू पडणारी युक्ती असूच शकत नाही.

सगळेच साधे नियम असे वागतात असंही नाही. आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकर सरांचा नियम घ्या. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबता. तिथे शेवट आधी सांगता येतो. रूल ३० मध्ये येत नाही. दोन्ही नियम पोस्टकार्डावर मावतात. कोणता नियम कसा वागेल हे नुसतं बघून कळत नाही, ही या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि व्हिडिओत तिचा मागमूस नाही.

आता 'सिद्ध केलं' या शब्दाकडे येतो. नाही केलेलं. बर्लिनमध्ये १९४१ साली झेड३ हा संगणक बांधणाऱ्या कोनराड झुसनेच १९६० च्या दशकात मांडलं की अवकाश स्वतःच गणना करत असेल. तेव्हापासून ही एक प्रामाणिक, अवघड, अर्धवट राहिलेली कल्पना आहे. कुठे अडते ते सांगतो. विश्व चौकटीच्या वहीसारखं असेल आणि बातमी एका पायरीत फक्त चार शेजाऱ्यांना कळत असेल, तर १०० पायऱ्यांत ती सरळ रेषेत १०० घरं जाते, पण तिरकी मोजली तर जेमतेम ७१ घरांइतकं अंतर. म्हणजे प्रकाशाचा वेग दिशेप्रमाणे बदलायला हवा. तो बदलत नाही. अशाच जाळीवर वायू आणि द्रवांच्या प्रवाहाची नक्कल करणाऱ्यांना याचा फटका बसला होता. १९७३ चं चौकोनी जाळीवरचं मॉडेल खऱ्या द्रवासारखं वाहीना, जाळीच्या दिशा त्यात उमटत राहिल्या. १९८६ मध्ये षटकोनी मांडणी घेतली तेव्हा प्रवाह नीट आला. साध्या नियमातून सुरळीत निसर्ग निघू शकतो, पण मांडणी चुकली तर निघत नाही. मे २००९ मध्ये फर्मी या अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या गॅमा किरणांच्या स्फोटात सुमारे ७.३ अब्ज प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर कमी-जास्त ऊर्जेचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकमेकांपासून सेकंदाभराच्या आत पोचले. अवकाश घरांचं बनलेलं, म्हणजे खडबडीत असेल आणि त्यामुळे वेगवेगळ्या ऊर्जेच्या प्रकाशाचा वेग बदलत असेल, तर तो खडबडीतपणा फारच बारीक असला पाहिजे, एवढं तिथे कळलं.

आणि हो, जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाचं प्रमेयही आडवं येतं. शेजाऱ्यापुरतं बघणारा नियम पुंजभौतिकीत दूरदूरच्या कणांची जी एकमेकांशी जुळणारी मोजमापं मिळतात ती सहजासहजी देऊ शकत नाही, ते प्रयोग करणाऱ्या तिघांना २०२२ चं नोबेल मिळालं. जेरार्ड 'ट हूफ्टसारखा नोबेलविजेता त्यातूनही वाट काढू पाहतो, हेही खरं. वुल्फ्रामने २०२० मध्ये चौकटी सोडून बिंदूंच्या जाळ्यावर नवा प्रकल्प सुरू केला. पण इलेक्ट्रॉनचं वस्तुमान त्यातून अजून बाहेर पडलेलं नाही. ते पडेल त्या दिवशी 'सिद्ध' या शब्दाबद्दल बोलू.

'नियम आहे म्हणजे नियम लिहिणारा आहे' हे वाक्यही ग्रुपवर चार जणांनी टाकलंय. ज्याची त्याची श्रद्धा, त्यावर वाद घालणार नाही. पण ती या वहीतून निघत नाही. वहीत फक्त घरं आणि नियम आहेत.

एक गोष्ट मात्र मनापासून मान्य करतो. नियम ठरलेला असेल तर पुढची प्रत्येक ओळ ठरलेली आहे, अगदी हजारावीसुद्धा. लोकांना याची भीती वाटते, म्हणूनच ते फी भरतात, हे मला कळतं. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाचा मुलगा नोकरीविना बसलेला असतो. सकाळचा राग लिहिता लिहिता थोडा निवळला तो त्यांच्यामुळे. पण ठरलेलं असणं वेगळं आणि आधी कळणं वेगळं. विश्वाचा नियम उद्या तुमच्या हातात दिला, तरी तुमचा पुढचा मंगळवार काढायला मधला प्रत्येक क्षण भरावा लागेल. म्हणजे तो जगावाच लागेल. ती गणना तुमच्याआधी उरकून बसलेला माणूस कुठल्याही व्हिडिओत नाही.

मुलीला मी एवढंच सांगितलं की थेट काढायची रीत कुणालाच माहीत नाही, शोधणाऱ्याला बक्षीस आहे. तिचा आधी विश्वासच बसेना. मग तिने खोडरबर घेतलं आणि पाचव्या ओळीपासून खालचं सगळं पुसलं. कागद दोन ठिकाणी फाटला म्हणून नवं पान घेतलं. आता प्रत्येक घर भरताना वरच्या तीन घरांवर बोट ठेवते आणि 'डावं आधी' असं पुटपुटते. हे लिहीपर्यंत तिची अकरावी ओळ चालू आहे.