अस्सल खान्देशी व्हायचंय?

यूट्यूब चॅनेल काढायचं ठरलंय ना? मग पुण्याच्या फ्लॅटमधला मिक्सर कपाटात टाका आणि अमळनेरला आजीकडे या. भरीत मिक्सरमध्ये होतं, अस्सलपणा होत नाही. त्याला बडगी लागते, ठेचायचं लाकडी भांडं. घरची बडगी आईने कधीच बंबात घातली असेल, तर शेजारच्या काकूंची मागून आणा. काकूंनाही आणा, नऊवारी नेसवून.

वांगी पऱ्हाटीवरच, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजा. गॅस चार फुटांवर आहे, पण त्याचा धूर निघत नाही, आणि धुराशिवाय गाव दिसत नाही. आजी डोळे पुसू लागली की कॅमेरा जवळ न्या. व्हिडिओ आठ मिनिटांवर गेलाच पाहिजे, मध्ये जाहिरात घालायची सोय तिथून पुढे असते. म्हणून काकूंना सांगा, ठेचत राहा. भरिताचं पिठलं झालं तरी ठेचत राहा.

हजार सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तासांचं बघणं होईपर्यंत 'आम्ही संस्कृती जपतोय' म्हणा. पैसे सुरू झाल्यावरही तेच म्हणा, फक्त जरा हळव्या आवाजात.

घरी पोराशी इंग्रजी बोलत असाल, पण इथे 'काय करी राहिना भो' हवंच. वांगी यावल तालुक्यातल्या बामणोदची आणि बोली धुळ्याकडची अहिराणी असली तरी बिनधास्त. यावल-रावेरकडे लेवा बोली बोलतात, हे पुण्या-मुंबईच्या पाहणाऱ्याला कुठे ठाऊक! (रावेरचा एखादा काका कमेंटमध्ये भांडेल. भांडू द्या, कमेंटी वाढतात.)

आता तेल. भरिताला घरचं शेंगदाणा तेल, पण फ्रेममध्ये प्रायोजकाची रिफाइंडची पिशवी. 'गेली तीस वर्षं आमच्या घरात हेच' असं सांगा. तुमचं वय सव्वीस असलं म्हणून काय झालं? २०२३ पासून केंद्र सरकारचं म्हणणं आहे की पैसे घेतले असतील तर तसं ठळक सांगा, तेही व्हिडिओच्याच भाषेत. नाहीतर दंड १० लाखांपर्यंत. म्हणजे जाहिरात आहे हे अहिराणीत सांगायला हवं. अहिराणी तर तुम्हाला दीड वाक्य येते. तेव्हा खाली डिस्क्रिप्शनमध्ये, कॅमेरा कुठला आणि माइक कुठला याच्याही खाली, बारीक इंग्रजीत लिहून मोकळे व्हा.

शेवटी आजीच्या हाती पिशवी द्या आणि 'हास ना, आजी' म्हणा. आजी पिशवी उलटीसुलटी करून विचारेल, "हाई तेल आते कोन खाई?"

तेवढं कापा.