डोलकाठी आडवी, नवरा उभा

शिडाची होडी घेऊन नदीतून प्रवास करायचा तर सगळ्यात आधी शीड काढून ठेवावं लागतं. ही गोष्ट आधी कुणी सांगत नाही. होडी विकणारा तर नाहीच नाही.

शिकागोहून निघून नद्यानद्यांनी थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत जाता येतं, हे नवऱ्याने मला नकाशावर बोट फिरवून दाखवलं. इलिनॉय नदी, मग थोडी मिसिसिपी, थोडी ओहायो, पुढे टेनेसी, मग टेनेसी-टॉमबिग्बी जलमार्ग आणि खाली मोबील बंदर. बोट फार सफाईने फिरलं. वाटेत पूल असतात, याबद्दल त्या बोटाने चकार शब्द काढला नाही. शिकागोच्या थोडं पुढे कालव्यावर एक पूल आहे. त्याच्याखाली मोकळी जागा सुमारे १९.५ फूट. तो उघडत नाही, आणि वळसा घालायला दुसरी वाटही नाही. आमची डोलकाठी त्याच्या दुपटीहून उंच. मग क्रेन आली, डोलकाठी उपटली आणि होडीवर आडवी बांधली. होडीपेक्षा ती लांब, त्यामुळे पुढून थोडी, मागून थोडी बाहेर. मधला भाग बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीवर. पुढचे कित्येक आठवडे मी आमच्याच होडीत कमरेत वाकून, कुणाच्या तरी पाया पडायला निघाल्यासारखी वावरले. नवरा सुकाणूपाशी असतो. तिथे डोलकाठी डोक्याला लागत नाही. हा योगायोग आहे असं तो म्हणतो.

ज्या कालव्यातून सुरुवात होते तो १९०० साली सुरू झाला आणि त्याने शिकागो नदीला चक्क उलटं वाहायला लावलं. शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या सरोवरात जाऊ नये म्हणून. घाण आता आमच्या दिशेने, म्हणजे आम्ही निघालो होतो त्याच दिशेने. थोडं पुढे रोमिओव्हिलपाशी पाण्यात वीज सोडलेली आहे. हात बाहेर काढू नका, पाण्यात काही बुडवू नका, थांबू नका, अशा पाट्या. ही वीज माशांसाठी. चीनकडचे कार्प मासे तळी साफ करायला १९७०च्या दशकात अमेरिकेत आणले, ते तळ्यांतून निसटून नद्यांत पसरले, आणि आता त्यांनी सरोवरात शिरू नये म्हणून हा विजेचा बांध. त्यातल्या रुपेरी कार्पला इंजिनाच्या आवाजाचं वावडं. होडी आली की तो घाबरतो आणि घाबरला की पाण्यातून उंच उडी मारतो. कुठे पडायचं याचा त्याने विचार केलेला नसतो.

इलिनॉय नदीवर एका सकाळी असा एक, बराच अंगापिंडाने भरलेला, नवऱ्याच्या आणि माझ्या मधोमध येऊन पडला. शेपटीचे सपासप फटके, रक्त, आणि एक विलक्षण चिकट बुळबुळ. नवरा म्हणाला, "घाबरू नकोस, तो आपल्यापेक्षा जास्त घाबरलाय." हे वाक्य त्याने डोलकाठीला लोंबकळून, दोन्ही पाय वर घेऊन म्हटलं. मासा मी बादलीने ढकलून बाहेर काढला. ती बुळबुळ उन्हात वाळली की दगडासारखी होते आणि मग खरवडूनच काढावी लागते, ही माहिती मी इथे कुणाच्या तरी उपयोगाची म्हणून देते.

पण खरी परीक्षा लॉकची. नदीवर बांध घातले की पाण्याच्या पायऱ्या होतात, आणि या पायऱ्या उतरवणारी काँक्रीटची प्रचंड पेटी म्हणजे लॉक. आत शिरायचं, मागचं दार लागतं, भिंतीतल्या बोगद्यांतून पाणी खालच्या अंगाला सोडतात, पाणी उतरतं तसे तुम्ही उतरता, मग पुढचं दार उघडतं. पंप वगैरे काही नाही, सगळं पाणी आपल्याच वजनाने करतं. आमच्यासारख्यांना पैसेही पडत नाहीत. पैसे पडत नाहीत म्हणजे काय पडतं, हे बाहेर नांगर टाकून बसल्यावर कळतं.

नियमाने आधी सरकारी जहाजं, मग उतारूंची, मग मालवाहू, आणि सगळ्यात शेवटी आमच्यासारखे हौशी. मालवाहू म्हणजे एखादं जहाज नव्हे. बार्ज म्हणजे इंजिन नसलेला सपाट तराफा. तीन-तीन बार्जच्या पाच रांगा, असे पंधरा बार्ज पोलादी दोरांनी एकत्र आवळलेले, आणि मागून एक टोबोट त्यांना ढकलत असते. एकेका बार्जमध्ये सुमारे १५०० टन मका नाहीतर खडी. लॉक असतं ६०० फूट लांब, आणि हे प्रकरण त्यात एका दमात मावत नाही. मग ते तोडायचं, आधी नऊ बार्ज पलीकडे पाठवायचे, लॉक पुन्हा भरायचं, मग उरलेले सहा आणि टोबोट, मग पलीकडे सगळं परत जोडायचं. दीड-दोन तासांची निश्चिंती. तोवर क्षितिजावर दुसरा टो, म्हणजे असाच दुसरा तांडा, दिसू लागतो.

"तीन खेपांपेक्षा जास्त थांबवत नाहीत आपल्याला, तसा नियम आहे," नवरा म्हणाला. नियम आहे खरा. पण एका टोच्या दोन खेपा ही एक खेप धरायची की दोन, यावर आमच्यात जो वाद झाला तो तिसरा टो आत जाईपर्यंत पुरला.

मिसिसिपीवर मात्र वेळ छान गेला, कारण तिथे भीती वाटण्याखेरीज दुसरं काही करायचं नव्हतं. सेंट लुईसजवळचं चेन ऑफ रॉक्सचं लॉक ओलांडलं की या नदीवर समुद्रापर्यंत एकही लॉक नाही. ती मोकळी सुटते, आणि ओंडक्यांसकट आपल्यालाही घेऊन सुटते. नवरा दर पाच मिनिटांनी वेग वाचून दाखवत होता, जणू इंजिनानेच मनावर घेतलंय. कैरोला (इजिप्तचं नव्हे, इलिनॉयमधलं गाव) वळून ओहायोत शिरलो, प्रवाह समोरून आला, आणि वाचन थांबलं. काठावरून एक माणूस कुत्रा फिरवत चालला होता. बराच वेळ आम्ही बरोबरीने होतो. मग ते दोघं पुढे गेले.

तिथेच ओल्मस्टेडचं लॉक लागतं. १९८८ साली मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज होता ७७.५ कोटी डॉलरचा. वाहतुकीसाठी ते सुरू झालं २०१८ साली आणि खर्च गेला ३०० कोटींच्या घरात. ही माहिती नवऱ्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितली. होडीच्या डागडुजीचा त्याचा स्वतःचा अंदाज आणि प्रत्यक्ष बिल यांच्यातल्या फरकाबद्दल त्यानंतर मी बोलू नये, अशी अपेक्षा असावी.

टेनेसी-टॉमबिग्बी जलमार्गावर एकूण दहा लॉक आहेत, आणि आमच्या वाटेवरचं पहिलंच, व्हिटनचं, ८४ फूट खोल. भिंतीतल्या खाचेत एक तरंगता खुंटा असतो, पाण्याबरोबर तो खालीवर होतो. होडीच्या मध्यावरून दोर त्याला अडकवायचा आणि पकडून उभं राहायचं. करकचून गाठ मारायची नाही, कारण खुंटा खाचेत अडकला आणि पाणी उतरत राहिलं तर होडी भिंतीला टांगली जाते. म्हणून माझ्या एका हातात दोर आणि कमरेला सुरी. पाणी उतरू लागलं तसा तो खुंटा करवादायला लागला. आधी कण्हल्यासारखा, मग किंचाळल्यासारखा, मग अगदी माणसाच्या आवाजात. भिंत उंच होत गेली, शेवाळ ठिबकायला लागलं, आभाळाची एक पट्टी उरली. नवरा म्हणाला, "काय सुंदर अभियांत्रिकी आहे!" मी सुरी चाचपली.

भिंत उजवीकडे घ्यायची की डावीकडे हे लॉकमास्तर ऐन वेळी रेडिओवर सांगतो. होडी भिंतीला घासू नये म्हणून रबरी फेंडर त्याच बाजूला लटकवायचे असतात. मी पुढे, नवऱ्याकडे तोंड करून उभी. तो ओरडतो, "डावीकडे!" मी लटकवते. तो म्हणतो, "डावीकडे म्हणजे होडीच्या डावीकडे!" मी सगळे सोडून पलीकडे नेते, मधे डोलकाठी, तिच्याखालून वाकून. तोवर त्याचं मत बदललेलं असतं. जोडप्यांच्या होड्यांवर डोक्याला लावून एकमेकांशी बोलायची वायरलेस हेडफोनं मिळतात, त्यांना होडीवाले 'मॅरेज सेव्हर' म्हणतात. आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे घसा होता.

तर खालच्या एका लॉकबाहेर हाच वाद चालू होता. मी त्याला सांगितलं की गेले कित्येक आठवडे त्याने दोराला हात लावलेला नाही, कपाळावरचं टेंगूळ दाखवलं, ओल्मस्टेडचा विषयही शेवटी काढलाच. मराठीत बोलायला सुरुवात केली होती, पण रागावलं की आम्ही दोघंही इंग्रजीवर जातो. रेडिओ मात्र चमत्कारिक गप्प होता. नवरा उठला आणि दिसलं की रेडिओचा माईक त्याच्या मांडीखाली होता, बटण दाबलेलं.

क्षणभर शांतता. मग एका टोबोटीच्या कप्तानाचा दक्षिणी, संथ आवाज आला, "कॅप्टन, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मॅडमचं बरोबर आहे."

दुसरा एक आवाज म्हणाला, "टेंगूळ कसं आहे आता?"

आमच्यापुढे त्याच कप्तानाचा टो होता. तो म्हणाला, "मला घाई नाही, आधी यांना जाऊ द्या." सबंध नदीवर पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला रांगेत पुढे घातलं. हिरवा दिवा लागला, दार उघडलं आणि लॉकमास्तर रेडिओवर आला. "या आत. भिंत कुठलीही घ्या, माझी हरकत नाही. फक्त बाईंना विचारून घ्या."

नवऱ्याने माईक माझ्या हातात दिला आणि फेंडर उचलायला पुढे गेला. दुसऱ्याच पावलाला डोलकाठी लागली.