लायडनमधून निघालेली माणसं आणि आमच्या काकांचा मेसेज

पहिलीपासून हिंदी यावरून २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात जे काही पेटलं आणि शेवटी सरकारला जीआर मागे घ्यावा लागला, तो वाद आमच्या फॅमिली ग्रुपवर अजून चालूच आहे. परवा काकांनी मला टाकलंच, "तू तिकडे बसून काय बोलतोस, तुझा पोरगा तरी मराठी बोलतो का?" आता यावर काय बोलणार, पोरगा सात वर्षांचा, मी मराठीत विचारतो आणि तो डचमध्ये उत्तर देतो.

पण मी राहतो नेदरलँड्समधल्या लायडनला, आणि या गावात हीच कटकट चारशे वर्षांपूर्वी होऊन गेलीय. मेफ्लॉवर जहाजातनं अमेरिकेला गेलेले ते पिल्ग्रिम, 'धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडला' वगैरे आपण ऐकतो ना, त्यातले बरेच जण इथलेच. इंग्लंडच्या सरकारी चर्चशी पटेना म्हणून ते १६०९ ला इथे आले, पीटर्सकेर्क चर्चजवळ त्यांच्या जॉन रॉबिन्सन पाद्रीबाबांचं घर होतं, तिथे जमायचे, प्रार्थना करायचे. म्हणजे स्वातंत्र्य मिळालंच होतं की! मग अकरा वर्षांनी परत बोचकी का बांधली? विल्यम ब्रॅडफर्ड, जो पुढे त्यांचा गव्हर्नर झाला, त्याने कारणं लिहून ठेवलीत: कष्टाने माणसं अकाली म्हातारी होतायत, डच लोकांचा स्पेनसोबतचा युद्धविराम संपत आलाय, आणि पोरं हाताबाहेर चाललीत, कुणी सैन्यात, कुणी जहाजावर. त्यांच्यातल्याच एडवर्ड विन्स्लोने तर सरळच लिहिलंय की इथेच राहिलो असतो तर आपली भाषाही गेली असती आणि इंग्रज हे नावही. वाचताना मला वाटलं काकांनीच टाइप केलंय.

त्यापायी १६२० च्या सप्टेंबरात १०२ माणसं एका जहाजात कोंबून निघाली (दुसरं जहाज, स्पीडवेल, गळायला लागलं म्हणून मागे ठेवलं), ६६ दिवस समुद्रावर, आणि पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मी मेली. अमेरिकेत प्लिमथ नावाची वस्ती केली ती पटक्सेट गावाच्या जागेवर, तिथली मूळ माणसं काही वर्षांपूर्वीच साथीत गेली होती, शेतं आयती तयार.

काकांचं म्हणणं, आपली जागा, आपली शाळा असली की भाषा टिकते. खोटं नाही ते, प्लिमथमध्ये इंग्रजी टिकलीच, आणि पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादायला मलाही नकोच होती. पण भाषा टिकली तरी पोरं टिकली का? १६३२ पर्यंत माणसं प्लिमथ सोडून जवळच्या डक्सबरीला पांगायला लागली, चर्चसुद्धा वेगळं मागायला लागली, ब्रॅडफर्ड बिचारा हळहळत बसला. कारण काय, तर गुरं वाढली, चरायला रान हवं होतं! मीही सांगली सोडली तेव्हा कुणी छळत नव्हतं, पगार बरा होता एवढंच. काकांचा स्वतःचा मुलगाही बंगलोरला आहे, नातवंडं फाडफाड कानडी बोलतात.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांचा रिप्लाय आला, "विषय बदलू नकोस, पोराला फोन दे."