टोमॅटोची चव मनाची नसते, झाडाची असते

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. मजकूर थोडक्यात असा: ‘घरच्या टोमॅटोचं कौतुक आता पुरे. टोमॅटो बारा महिने मिळतो, हंगाम वगैरे जुन्या गोष्टी. लाल झाला की तो पिकलाच, मग झाडावर काय आणि कॅरेटमध्ये काय. चवीतला फरक हा मनाचा खेळ आहे. आणि खरंच चव गेली असेल, तर ती शेतकऱ्यांनीच घालवली. वीस रुपये किलोच्या भाजीसाठी दीडशेची कुंडी घेणाऱ्यांनी जरा हिशोब शिकावा.’ आमच्या चुलत दादानेही तो पुढे ढकलला. मी सांगलीत राहते, परसात दर हिवाळ्याला चार-पाच झाडं लावते, म्हणून गप्प बसवेना.

बारा महिन्यांचं आधी घेऊ. मंडईत टोमॅटो वर्षभर दिसतो, हे खरंच आहे. पण तो एकाच रानातून येत नाही. पावसाळा सरता सरता पिंपळगाव बसवंतकडचा माल सुरू होतो, उन्हाळ्यात नारायणगावचा, कधी पार कर्नाटक-आंध्रातल्या कोलार-मदनपल्लीचा. एका मुलखातला हंगाम संपला की दुसरीकडचा उभा राहतो आणि मधली फट ट्रक बुजवतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा झाड हिरवंगार दिसलं तरी फुलं गळतात, कारण रात्रीही उकाडा राहिला की पराग नीट तयार होत नाही. जी काही फळं धरतात ती पिवळट-केशरीच राहतात. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन 20 ते 25 अंशांत चांगलं तयार होतं, 30 च्या वर ते मंदावतं. पावसाळ्यात करपा रोग येतो आणि पिकत आलेली फळं तडकतात. म्हणून इथं रोपं लावायची गणपती-नवरात्राच्या आसपास आणि फळं खायची मार्गशीर्ष ते माघ. हंगाम खरोखरच उरला नसता, तर भाव वर्षभर एकच राहिला असता. जुलै 2023 मध्ये कित्येक शहरांत किलोला शंभराच्या वर गेलेला टोमॅटो आपण घेतलाय, आणि भाव पडला की तोच रस्त्याकडेला ओतलेलाही पाहिलाय.

आता ‘लाल झाला की पिकला’. या वाक्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. टोमॅटो तोडल्यावरही पिकतो, आंब्या-केळ्यासारखा. स्वतःच्याच अंगातल्या इथिलीन वायूवर तो रंग धरतो. सगळा व्यापार या गुणावर उभा आहे. लांबच्या बाजाराला जायचा माल तळाशी जरा रंग फुटला की तोडतात, कारण पुरता पिकलेला टोमॅटो कॅरेटवर कॅरेट रचून रात्रभर टेम्पोत हादरे खात पोचायचाच नाही. पण फळातली साखर मुख्यतः पानांकडून येते. पुण्याला शिकायला गेलेल्या पोराचा एसटीने येणारा घरचा डबा बंद व्हावा, तसं देठ तुटल्यावर त्या फळाचं होतं. रंग पुढे चढत राहतो, गोडी मात्र होती तिथंच थांबते.

माझ्या परसातलं फळ मी सकाळी साडेनऊच्या सुमाराला तोडते. भिंतीवरून ऊन येऊन तासभर झालेला असतो, फळाची एक बाजू कोमट लागते. पान चुकून चुरगळलं की बोटांना हिरवट-पिवळा डाग पडतो आणि तो वास दुपारपर्यंत जात नाही. फळ खालून गर्द लाल, पण देठाभोवती हिरवट खांदा राहिलेला. हा खांदा पाहून शेजारच्या वहिनी ‘अजून कच्चा आहे’ म्हणतात. खरं तर चवीची बरीचशी भानगड त्या खांद्यातच आहे. विसाव्या शतकात बियाणं तयार करणाऱ्यांनी सगळीकडून एकसारखी लाल होणारी झाडं निवडत नेली, कारण तसं फळ ढिगात उठून दिसतं. 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं, की या निवडीत एक जनुक निकामी झालं होतं. ते शाबूत असलं की कच्च्या फळात हरितद्रव्य जास्त असतं आणि फळ थोडी साखर स्वतःही करतं. एकसारख्या रंगाच्या नादात ती साखर गेली.

तरीही ‘मनाचा खेळ’ म्हणणाऱ्यांसाठी घरातलीच गोष्ट सांगते. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, नजर पार अधू झालेली. मागच्या पौषात एका ताटलीत दोन फोडी दिल्या, एक परसातल्या टोमॅटोची, एक मंडईतल्या. कुठली कोणती ते सांगितलं नाही, मीठही लावलं नाही. दोन्ही खाऊन म्हणाल्या, “ही आपली बेलवांगी. त्या दुसऱ्यात नुसतं पाणी हाय.” बेलवांगी हा टोमॅटोचा जुना शब्द त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकला.

एका घरातला अनुभव पुरावा होत नाही, हे मान्य. पण 2017 मध्ये ‘सायन्स’मध्येच 398 वाणांचा अभ्यास आला. लोकांना फळं चाखायला देऊन, चवीमागची रसायनं मोजून केलेला. बाजारासाठीच्या आधुनिक वाणांत वास-चवीची कितीतरी द्रव्यं जुन्या वाणांपेक्षा कमी निघाली. मनाचा खेळ यंत्रावर मोजता येत नाही.

यात फ्रिजचाही हात आहे, तो आपला आपण आवरू शकतो. 5 अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोत आंबट-गोड जवळपास तसंच राहतं, पण वास देणारी द्रव्यं घटतात, आणि बाहेर काढून एक दिवस ठेवला तरी ती पुरती भरून येत नाहीत. 2016 मधल्या एका अभ्यासात हे दिसलं. टोमॅटो टोपलीत ठेवावा, देठाची बाजू खाली करून.

शेतकऱ्यांवरचा आरोप मला सगळ्यात जास्त लागला. शेतकऱ्याला भाव मिळतो तो वजनाचा, टणकपणाचा, रंगाचा. चवीचा वेगळा भाव कुठल्या सौद्यात निघतो? रोगाला न दबणारं, जाड सालीचं, प्रवासाला टिकणारं बियाणं तो घेतो, कारण रोपं, बांबू, तार, सुतळी, औषधं आणि तोड्याची मजुरी यांचा खर्च त्याच्या डोक्यावर असतो. आणि आपण काय करतो? आठवडी बाजारात खेड्यावरची एखादी बाई बुट्टीत चपटे, घड्यांचे, देठाशी तडकलेले गावठी टोमॅटो घेऊन बसते. लोक एक उचलतात, दाबतात, ‘मऊ आहेत’ म्हणून परत टाकतात आणि शेजारचे चकचकीत टणक घेतात. चव आपण बाजारातून अशी हाकलली आहे.

हिशोबाचं मात्र मी मान्य करते. घरच्या झाडांना टोमॅटो लागतात, नेमके तेव्हाच ते मंडईतही स्वस्त असतात. पैसे वाचत नाहीत. पण जाईचा वेल लावताना कुणी गजऱ्याचा भाव विचारत नाही. शाळूची गरम भाकरी, तिच्यावर हाताने फोडलेला टोमॅटो, चिमूटभर मीठ, कच्च्या शेंगतेलाची धार. बियांभोवतीचा तो बुळबुळीत गर फेकू नका, टोमॅटोचा खरा खमंगपणा त्यातच जास्त असतो. तो रस भाकरीत मुरला की खालचा पापुद्रा ओला होऊन आंबट-गोड लागतो आणि वरून भाकरी अजून खरपूसच असते. हे वर्षातून दोन-अडीच महिनेच मिळतं, म्हणून घरातलं कुणीही त्या दिवसांत जेवायला उशीर करत नाही.

दादा, हे सगळं वाचूनही पटलं नसेल, तर रविवारी सकाळीच ये. मागच्या भिंतीच्या झाडावर दोन फळं तुझ्यासाठी राखून ठेवली आहेत. आज खालून लाल झालीत. रविवारपर्यंत तोडत नाही.